चांगला ग्योझा शोधायचा कसा

मोठ्या शहरात जपानी रेस्तराँ पुष्कळ असतात आणि बहुतेकांच्या मेनूवर ग्योझा, म्हणजे पातळ पारीत मांस-कोबीचं सारण भरलेला जपानी डंपलिंग, असतोच. त्यातला खरोखर चांगला ग्योझा मात्र मोजक्याच ठिकाणी मिळतो. बाकी ठिकाणी फ्रीझरमधलं पाकीट फोडतात, कढईत सोडतात आणि सहा नग बशीत घालून सॉसच्या वाटीसोबत पुढे ठेवतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं, ग्योझा म्हणतात तो हाच. मला याचं फार वाईट वाटतं. नीट जमलेल्या ग्योझ्याचं बूड करकरीत असतं, वरची पारी मऊ आणि किंचित चिवट, आत कोबी-लसणाचा वास आणि मांसाचा गरम रस. हे सगळं एका घासात येतं. ज्याने ते एकदा खाल्लं, त्याला पाकिटातला ग्योझा पुन्हा चालत नाही.

शिकत असताना मी संध्याकाळी एका रामेनच्या, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सच्या, दुकानात काम करायचे. दुपारची गिऱ्हाइकं गेली की मागच्या स्टीलच्या टेबलावर ग्योझे भरायला बसायचं. डाव्या तळहातावर पारी, चपट्या पळीने सारण, कडेवरून पाण्याचं बोट, मग पुढची कड सरकवत एकाच बाजूला चुण्या, आणि शेवटी ट्रेवर हलकं दाबून बूड सपाट करायचं. बूड सपाट नसेल तर ते तव्याला सगळीकडे टेकत नाही. मालकीणबाई जाता-येता ट्रेवर नजर टाकायच्या आणि ज्याचं तोंड उघडं दिसेल तो ग्योझा काही न बोलता बाजूला काढायच्या. आता नोकरीमुळे मला बरीच शहरं फिरावी लागतात, आणि नव्या शहरात ग्योझा शोधताना माझे प्रश्न अजून त्या टेबलावरचेच असतात. इथे हे भरतं कोण? कधी भरतं? भाजतं कशावर? या तिन्हींची उत्तरं बाहेर उभं राहून कशी काढायची, ते सांगते.

आधी दुकान निवडा

सुशीच्या दुकानात ग्योझा मागवू नका. सुशीवाल्याचं लक्ष भात, मासा आणि सुरीकडे असतं, आणि लसूण-तेलाचा वास त्याला स्वयंपाकघरात नकोच असतो. तिथे ग्योझा ठेवलेला असतो तो कच्चा मासा न खाणाऱ्या पाहुण्यासाठी. तो भरायला कुणी बसत नाही आणि त्याचा वेगळा तवाही नसतो. ज्या मेनूवर सुशी, तेंपुरा, तेरियाकी, उदोन, करी आणि ग्योझा असं सगळंच आहे, तिथेही मी ग्योझ्याच्या वाटेला जात नाही.

रामेनचं दुकान बघा. तिथे डुकराचं मांस, कोबी, आलं, लसूण रोजच येतं, चुली मोठ्या असतात आणि ग्योझा हा रामेनचा जुना सोबती आहे. पारी बऱ्याचदा नूडल पुरवणाऱ्याकडूनच येते, त्यात वाईट काही नाही. त्याहून चांगलं म्हणजे जपानमध्ये गल्लोगल्ली दिसणारं चिनी-जपानी खाणावळीसारखं दुकान: रामेन, परतलेला भात आणि ग्योझा, एवढ्यावर चालणारं. बाहेरच्या देशांतल्या मोठ्या शहरांतही अशी दुकानं असतात. बहुतेक लहान, काउंटरवर बसायची, सजावट जेमतेम. आणि सगळ्यांत वर फक्त ग्योझ्याचं दुकान, जिथे मेनू एका पानात संपतो: भाजलेले, उकडलेले, भात, लोणचं, बिअर. असं दुकान शहरात असेल तर पहिली संध्याकाळ तिथेच घालवा.

इझाकायाचं, म्हणजे दारूसोबत खाणं देणाऱ्या जपानी दुकानाचं, सांगता येत नाही. कोळशावरच्या शिगांवर ज्याची भिस्त आहे, तिथे ग्योझा बहुधा फ्रीझरमधलाच निघतो. पण मेनूवर 'तेत्सुनाबे ग्योझा', म्हणजे लोखंडी तव्यातच टेबलावर आणलेला ग्योझा दिसला, तर थांबा. तो तळून भागत नाही, तव्यावर भाजावाच लागतो.

ग्योझा रामेनवाल्याकडे का सापडतो आणि सुशीवाल्याकडे का नाही, याचं कारण त्याच्या इतिहासात आहे. तो मुळात चीनमधून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून, म्हणजे चीनच्या ईशान्य भागातून, परतलेल्या जपानी लोकांनी तो घरोघरी आणि ठेल्यांवर रुजवला. चीनच्या उत्तर भागात तो जाड पारीचा, बहुतेक उकडलेला आणि स्वतःच पोटभर जेवण असा खातात. जपानमध्ये पारी पातळ झाली, लसूण वाढला, उकडण्याऐवजी तव्यावर भाजणं रूढ झालं आणि तो भात, रामेन, बिअर यांच्या जोडीने ताटात आला. म्हणून तो चिनी वळणाच्या स्वयंपाकघरात वाढला, आणि आजही तिथेच बरा असतो. याच कारणाने जपानी नावाचं दुकान चिनी किंवा कोरियन कुटुंब चालवत असेल तर मी नाक मुरडत नाही. त्यांचा ग्योझा थोडा जाड, थोडा लांबट असेल. तो भरलेला आणि भाजलेला तिथलाच असेल, तर मला पुरे.

फोटो नीट बघा

घराबाहेर पडण्याआधी गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा. दुकानाने स्वतः टाकलेले नकोत, ते कुठल्याही दुकानाचे एकसारखेच दिसतात. ग्योझ्याचा फोटो मोठा करा आणि रंग कुठे आहे ते बघा. तव्यावर भाजलेल्या ग्योझ्याचा एकच चेहरा तपकिरी असतो. त्या चेहऱ्याच्या कडेला रंग जिथे संपतो तिथे रेघ ओढल्यासारखा संपतो, आणि वरची पारी पांढुरकी, थोडी पारदर्शक, आतल्या हिरव्या पातीची छटा दाखवणारी असते. तळलेला ग्योझा चहूबाजूंनी सोनेरी असतो, पारीवर बारीक फोड आलेले असतात आणि चुण्यांची टोकं गडद झालेली असतात. तळलेला ग्योझाही जपानमध्ये खातात, त्याला 'आगे-ग्योझा' म्हणतात. पण मेनूवर नुसतं 'ग्योझा' लिहून फोटोत तळलेला दिसत असेल, तर त्या स्वयंपाकघरात तव्याला वेळ नाही असं समजा.

दुसरी खूण बशीत आहे. जाणता आचारी ग्योझे उलटे वाढतो, भाजलेली बाजू वर. हा दिखावा नाही. भाजलेली बाजू खाली गेली तर आतली वाफ तिच्याखाली अडकते आणि करकरीतपणा दोन मिनिटांत जातो. फोटोत ग्योझे चुण्या वर करून, कोशिंबिरीच्या पानावर मांडलेले दिसले तर मी ते दुकान सोडून देते. ओलं पान आणि भाजलेलं बूड यांचं जमत नाही, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याने तव्यावर काय केलं असेल याचीही शंका येते.

चुण्यांकडे लोक फार बघतात. सगळ्या अगदी एका मापाच्या, एका कोनाच्या असतील तर यंत्रावर भरलेले आहेत. पण एवढ्यावरून दुकान बाद करू नका. काही चांगली दुकानं सारण रोज करतात आणि भरायला छोटं यंत्र वापरतात, आणि त्यांचा ग्योझा हाताने भरलेल्या बेचव ग्योझ्यापेक्षा कितीतरी सरस असतो. सारण आणि तवा आधी, चुण्या नंतर.

ग्योझ्यांना जोडणाऱ्या जाळीदार पापुद्र्यावरही भुलू नका. त्याला 'हाने', म्हणजे पंख म्हणतात. पिठाचं पातळ पाणी तव्यात ओतलं की पाणी उडून जातं आणि पिठाची जाळी उरते. टोकियोच्या कामाता भागात १९८३ मध्ये उघडलेल्या 'नी हाओ' या दुकानातून ही पद्धत पसरली असं मानतात. जाळी छान लागते, मलाही आवडते. पण आता फ्रीझरमधल्या पाकिटांतही ग्योझ्याच्या बुडाला ते पीठ लावूनच येतं, तेव्हा जाळी दिसली म्हणजे ग्योझा ताजा, असा अर्थ निघत नाही.

अभिप्राय वाचताना तारे बघू नका. ते रामेनसाठी, वाढप्याच्या हसण्यासाठी किंवा संगीतासाठी दिलेले असतात. अभिप्रायांत 'ग्योझा' हा शब्द शोधा आणि तेवढीच वाक्यं वाचा. 'अप्रतिम' याने काही कळत नाही. 'चावताच रस शर्टावर उडाला' याने पुष्कळ कळतं. तक्रारी तर मी आवर्जून वाचते. 'ग्योझा यायला पंधरा मिनिटं लागली', 'लसूण फार होता', 'नऊ वाजता संपले होते' अशी तक्रार असेल तर ते दुकान माझ्या यादीत वर सरकतं. उलट 'सारण रबरासारखं' किंवा 'आतून गार' हे दोन जणांनी लिहिलं असेल तर तिकडे जाण्यात अर्थ नाही.

दारात आणि काउंटरवर

शक्य असेल तर दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधल्या वेळेत त्या दुकानावरून एक चक्कर मारा. दार बंद असलं तरी काचेतून आत दिसतं. टेबलावर पिठी भुरभुरलेले ट्रे आणि हात चालवत बसलेली दोन माणसं दिसली, की पुढचं काही विचारायची गरज नाही.

काउंटरवर बसायला मिळालं तर तिथेच बसा. तव्यापासून तुमच्यापर्यंतचं अंतर जितकं कमी, तितकं बूड करकरीत. शिवाय तिथून चूल दिसते. झाकण असलेला जड लोखंडी तवा, किंवा चौकोनी, झाकणाचं ग्योझा भाजायचं यंत्र दिसतंय का बघा. ते यंत्र पाहून काहींचा हिरमोड होतो, मला मात्र आनंद होतो. एका पदार्थासाठी ओट्यावरची एवढी जागा कुणी अडवत असेल, तर त्या पदार्थाचा खप तिथे मोठा आहे. खप मोठा म्हणजे ट्रे रोज रिकामे होतात.

आता विचारायचं काय? 'ग्योझा चांगला आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असतं. मी विचारते, 'तळता की तव्यावर भाजता?' आणि मग, 'इथेच भरता का?' जिथे रोज भरतात तिथला वाढपी क्षणभरही थांबत नाही, उलट कोण भरतं, कधी भरतं हेही सांगतो. जिथे तो आत विचारायला जातो, तिथे उत्तर मिळाल्यासारखंच आहे. 'आधीच भरून गोठवतो' असं कुणी सांगितलं तर दचकू नका. कच्चा ग्योझा नुसता फ्रिजमध्ये ठेवला की सारणाचं पाणी पारीत उतरतं, पारी चिकट होते आणि तव्यावर फाटते. म्हणून तो भरल्या भरल्या भाजावा किंवा लगेच गोठवावा, हेच बरोबर आहे. घरचं गोठवणं आणि कारखान्यातलं पाकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेळेवर लक्ष ठेवा. तव्यावर तेल, मग ग्योझे, मग गरम पाणी, झाकण, वाफ, पाणी आटणं, शेवटी पुन्हा तेलाची धार आणि बुडाचा रंग. याला आठ-दहा मिनिटं लागतातच. मागवल्यावर तीन मिनिटांत बशी आली तर ते तळलेले आहेत किंवा आधीच भाजून ठेवलेले आहेत. घाई करू नका, आणि वाढप्यालाही करायला लावू नका. झाकण लवकर उघडलं की चुण्या कच्च्या राहतात.

रामेनही हवा असेल तर दोन्ही एकदम सांगू नका. आधी ग्योझा सांगा, तो अर्धा संपला की रामेन. नाहीतर एक खाताना दुसरं बिघडतं: ग्योझा थांबला की मऊ पडतो, रामेन थांबला की शेवया फुगतात. शनिवारी रात्री उशिरा जाण्यापेक्षा साध्या दिवशी, संध्याकाळी दुकान उघडल्यावर थोड्या वेळात जा. ट्रे नुकतेच भरलेले असतात आणि भाजणाऱ्याला तव्याकडे बघायला फुरसत असते. आणि डब्यातून घरी मागवलेल्या ग्योझ्यावरून दुकानाची पारख कधीच करू नका. बंद डब्यात तो आपल्याच वाफेने ओला होतो, मग तो कितीही हुशार माणसाने भाजलेला असो.

बशी समोर आल्यावर

पहिला ग्योझा सॉसमध्ये न बुडवता खा. आधी चॉपस्टिकने त्याच्या बुडावर टकटक करा. आवाज कोरडा यायला हवा. मग एक कोपरा चावा आणि थांबा. रस आला का? तो गढूळ तेलकट नको, पातळ आणि चवदार हवा. हा रस नशिबाने येत नाही. मांसाचा खिमा आधी मीठ घालून चिकट होईपर्यंत मळतात, मग त्यात थोडं थोडं पाणी किंवा सूप जिरवतात, आणि कोबी-पात सगळ्यांत शेवटी घालतात. मळणं राहिलं तर मांस पाणी धरत नाही. ते तव्यावर सुटतं, पारी भिजते आणि सारण आत कोरडं गोळा होऊन बसतं.

आता आतला भाग बघा. मला तिथे वेगवेगळं काहीतरी दिसायला हवं: कोबीचे तांदळाएवढे पांढरे कण, निराची हिरवी पात, मांसाचे दाणे. निरा म्हणजे लसणाच्या वासाची चपटी पात, जपानी ग्योझ्याला तिच्याशिवाय ओळख नाही. सगळं एकजीव, करड्या रंगाचं, दाताखाली उसळणारं असेल तर ते कारखान्यातून आलेलं आहे, किंवा कोबी यंत्रात फिरवून त्याचा लगदा केला आहे. हाताने चिरलेल्या कोबीला मीठ लावून तो पिळला की पाणी जातं आणि कचकचपणा राहतो. ही पिळणी आमच्या टेबलावरचं सगळ्यांत कंटाळवाणं काम होतं. ज्या दुकानात ते टाळतात तिथे ग्योझ्याची बुडं फाटलेली येतात, कारण पाणी सुटून पारी तव्याला चिकटते. बशीत दोन-तीन फाटके ग्योझे दिसले की मला कोबीचंच काम कमी झालेलं दिसतं.

शेवटी चुण्या. तिथे पारीचे दोन-तीन थर एकावर एक असतात, म्हणून शिजायला तीच जागा सर्वांत मागे राहते. नीट वाफवलेल्या चुण्या मऊ आणि काचेसारख्या दिसतात. मध्ये पांढरी, खडूसारखी रेघ असेल तर पीठ कच्चं आहे. कडा वाळून कडक झाल्या असतील तर झाकण नीट बसलं नव्हतं, किंवा ग्योझे कुणाची तरी वाट बघत दिव्याखाली पडून होते.

बुडाचा रंग मधासारखा एकसारखा हवा. मध्ये काळा आणि कडेला पांढरा म्हणजे तवा एकाच जागी तापत होता. हा दोष मी माफ करते, सारण चांगलं असेल तर पुन्हा जाते. रबरासारखं सारण माफ करत नाही, कारण ते उद्याही तसंच असणार.

टेबलावर सोया सॉस, तांदळाचा व्हिनेगर आणि रायू, म्हणजे तिखट तेल, अशा तीन वेगळ्या बाटल्या असतील तर मन भरून येतं. आपल्या जिभेप्रमाणे आपण कालवायचं. मी सोया आणि व्हिनेगर सारखं घेते, रायूचे दोन-चार थेंब. मांसाचा भाग जास्त असलेल्या ग्योझ्याला नुसतं व्हिनेगर आणि भरपूर काळी मिरीपूड घेऊन बघा. जपानमध्ये पुष्कळ लोक असंच खातात, आणि तेलकटपणा त्याने छान कापला जातो. आधीच कालवलेला, दाट आणि गोड सॉस आला तर तो बाजूला ठेवून सोया मागा.

मेनूवर गावांची नावं दिसली तर

जपानमध्ये ग्योझ्यावरून शहरांची चुरस चालते. उत्सुनोमिया आणि हामामात्सु यांच्यात कोणत्या शहरातली घरं ग्योझ्यावर जास्त खर्च करतात, याची चढाओढ सरकारी कुटुंबखर्च पाहणीवरून दरवर्षी बातमीत येते. २०२१ मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकलं. त्या पाहणीत रेस्तराँमध्ये खाल्लेला आणि गोठवलेला ग्योझा धरत नाहीत, दुकानातून घरी नेलेलाच धरतात. उत्सुनोमियात तर स्टेशनाजवळ ओया दगडात घडवलेला ग्योझ्याचा पुतळा आहे, पारीत गुंडाळलेल्या व्हीनसचा.

बाहेरच्या शहरात एखाद्या दुकानाने यातलं एखादं नाव घेतलं असेल तर मालकाला ग्योझ्याची पर्वा आहे असं मी धरते, आणि मग त्याच मापाने तपासते. उत्सुनोमियाचा ग्योझा भाजी जास्त असलेला, हलका. हामामात्सुचे ग्योझे तव्यात गोल मांडून भाजतात आणि मधल्या मोकळ्या जागेत उकडलेले मोड ठेवतात. मोड नसतील तर तो हामामात्सुचा नव्हे. फुकुओकाकडचे ग्योझे एका घासाचे, चिमुकले, बऱ्याचदा लोखंडी तव्यातच येतात आणि सोबत युझुकोशो, म्हणजे युझू या लिंबासारख्या फळाची साल आणि मिरचीची खारट चटणी असते. कोबेत मिसोचा सॉस लावून खातात. मला यातला फुकुओकाचा सर्वांत आवडतो. लहान ग्योझ्यात करकरीत भाग सारणाच्या मानाने जास्त येतो, आणि पारी इतकी पातळ असते की चूक लपत नाही.

उकडलेला 'सुई-ग्योझा' मागवताना एवढंच बघा की पारी भाजलेल्यापेक्षा जाड आहे का. पातळ पारीचे तेच ग्योझे पाण्यात सोडले तर ते विरघळल्यासारखे होतात. जो दोन्हींसाठी वेगळी पारी वापरतो, त्याच्याकडे दोन्ही मागवा.

मांस किंवा डुकराचं मांस खात नसाल तर

नुसतं 'ग्योझा' लिहिलेलं असेल तर आत डुकराचं मांस आहे असंच धरा. कोंबडीचा ग्योझा मिळतो, पण तो पटकन कोरडा होतो. तंगडीच्या मांसाचा आहे का एवढं विचारा, छातीच्या मांसाचा असेल तर कोळंबीचा बरा.

भाजीचा ग्योझा उत्तम होऊ शकतो. कोबी, शिताके अळंबी, दाबून पाणी काढलेला तोफू, निरा, आलं आणि थोड्या हारुसामे, म्हणजे स्टार्चच्या पारदर्शक शेवया. या शेवया भाज्यांचं पाणी शोषून धरतात, म्हणून सारण ओलसर राहतं आणि पारी भिजत नाही. हिरव्या पारीचा भाजीचा ग्योझा दिसला तर मात्र आधी चौकशी करा, कारण तो बऱ्याचदा पाकिटातला असतो. आणि पूर्ण शाकाहारी असाल तर 'मांस आहे का' एवढं विचारून भागत नाही. सारणात डुकराची चरबी, कोंबडीच्या सूपाची पूड किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि भाजायचा तवा बहुतेक ठिकाणी एकच असतो. ही तिन्ही नावं घेऊन विचारा, आणि तव्याबद्दलही विचारा. ज्या दुकानात सारण तिथेच होतं, तिथे या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. पाकिटवाल्या दुकानात मिळत नाहीत, कारण आत काय आहे ते त्यांनाही पाकीट वाचूनच कळणार.

दुकान सापडल्यावर

निघताना काउंटरवर विचारा की कच्चे, गोठवलेले ग्योझे घरी न्यायला मिळतात का. रोज भरणारी बरीच दुकानं देतात. वाटेत ते वितळू देऊ नका, वितळले की एकमेकांना चिकटून पारी फाटते.

घरी भाजताना गोठलेलेच थेट तव्यावर ठेवा. न चिकटणाऱ्या पसरट तव्यात मध्यम आंचेवर चमचाभर तेल, ग्योझे बूड खाली करून शेजारी शेजारी, मग त्यांच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर तवा गार पडतो. झाकण लावून पाच-सहा मिनिटं हात लावू नका. चुण्या काचेसारख्या झाल्या की झाकण काढा आणि पाणी पूर्ण आटू द्या. बुडबुड्यांचा आवाज बदलून तेलाचा चरचर आवाज येऊ लागला की कडेने तिळाच्या तेलाची धार सोडा आणि आणखी दोन मिनिटं थांबा. उलथन्याने एक ग्योझा उचलून रंग बघा. जमला असेल तर तव्यावर बशी पालथी घालून, बशी हाताने घट्ट दाबून धरत सगळे एकदम उलटा. बशी तव्याच्या आत बसेल इतपतच मोठी घ्या. तव्यापेक्षा मोठी घेतली तर मध्ये फट राहते, आणि उलटताना गरम तेल त्या फटीतून मनगटावर येतं.